अमेरिकेत सोबत कुत्रा घेऊन विमानप्रवास: सर्व्हिस डॉग, इमोशनल सपोर्ट ॲनिमल आणि तयारीच्या पायऱ्या

अमेरिकेत विमानाने जायचं आणि कुत्रा सोबत न्यायचा, असं ठरलं की बहुतेक जण आधी तिकीट बघतात, मग पिंजऱ्याची मापं शोधतात. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं व्हायला हवं: कायद्याच्या नजरेत तुमचा कुत्रा कोण आहे? सर्व्हिस डॉग (अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकलेला), इमोशनल सपोर्ट ॲनिमल (नुसत्या सोबतीने धीर देणारा) की घरचा पाळीव कुत्रा? कागद, पैसे, बसायची जागा, काउंटरवरची वागणूक, सगळं या एका उत्तरावर ठरतं. इंटरनेटवर अजून जुन्या नियमांचे लेख पडून आहेत. ते वाचून डॉक्टरांचं पत्र घेऊन विमानतळावर पोचलेल्या माणसांना ऐन वेळी फार मनस्ताप होतो. तो टाळता यावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: वर्ग ठरवा, आणि प्रामाणिकपणे ठरवा

अपंग प्रवाशांशी भेदभाव करायला एअरलाइन्सना मनाई करणारा ‘एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट’ हा कायदा १९८६ चा. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता की, सरकारी पैशांवर चालणाऱ्या उपक्रमांना लागू असलेला भेदभावविरोधी कायदा व्यावसायिक एअरलाइन्सना लागू होत नाही. ती पोकळी भरण्यासाठी संसदेने हा वेगळा कायदा केला. त्याच्या नियमांत पुढे इमोशनल सपोर्ट ॲनिमललाही जागा मिळाली. मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाचं पत्र आणि ४८ तास आधी सूचना, एवढ्यावर प्राणी फुकट केबिनमध्ये नेता यायचा.

ही सवलत खऱ्या गरजूंसाठी होती, पण पत्रं विकणाऱ्या वेबसाइट्स फोफावल्या. जून २०१७ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात इमोशनल सपोर्टसाठी आणलेल्या एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्याला चावे घेतले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कला डेक्स्टर नावाच्या मोराला विमानात घ्यायला नकार मिळाला आणि ती बातमी जगभर गेली. लोकांना मोर लक्षात राहिला. पण या काळात सर्वांत जास्त सोसलं ते गाइड डॉग घेऊन जाणाऱ्या अंध प्रवाशांनी. विमानतळावर बेशिस्त कुत्रे त्यांच्या कुत्र्यांच्या अंगावर धावून जायचे, आणि कर्मचारी त्यांच्याकडेच संशयाने बघायचे.

अखेर अमेरिकेच्या परिवहन खात्याने, म्हणजे डीओटीने, डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलले. ११ जानेवारी २०२१ पासून ते लागू झाले. आज विमानप्रवासासाठी सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा. जात कोणतीही चालेल, पण अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी काही ठरावीक काम करायला त्याला शिकवलेलं असलं पाहिजे. अपंगत्व शारीरिक, मानसिक, बौद्धिक, कोणतंही असू शकतं. मांजर, ससा, पूर्वी चालणारा छोटा घोडा, हे सगळे यादीबाहेर गेले. इमोशनल सपोर्ट ॲनिमलला एअरलाइनने पाळीव प्राणी मानलं तरी ते आता नियमात बसतं, आणि अमेरिकेतल्या एअरलाइन्स तसंच मानतात.

सगळा गोंधळ होतो तो मानसिक आजारांच्या बाबतीत. कुत्रा जवळ असला की जीव थाऱ्यावर राहतो, ही गरज खरी आहे. तिला कोणी नाटक म्हणू नये. मात्र नियम विचारतो ते एवढंच, की कुत्रा शिकून काय करतो? पॅनिक अटॅकची चाहूल लागताच येऊन मांडीवर अंगाचा भार टाकून झोपणं, दुःस्वप्नातून जागं करणं, औषधाच्या वेळेला नाकाने ढोसून आठवण देणं, स्वतःला इजा करायला लागलेला हात थांबवणं, भोवळ आली की बाहेरच्या दाराकडे नेणं ही कामं झाली. शिकवलेलं असं एखादं काम असेल तर तो सायकिॲट्रिक सर्व्हिस डॉग. गाइड डॉगला जे हक्क, तेच त्याला, आणि डॉक्टरांच्या पत्राची अटही नाही. फक्त जवळ बसून राहिल्याने बरं वाटत असेल, तर तो इमोशनल सपोर्ट ॲनिमल.

प्रशिक्षण कुठल्या संस्थेतच व्हायला हवं असं नाही. स्वतः घरी शिकवलेला कुत्राही चालतो. सरकारी नोंदणी, सरकारी ओळखपत्र असं अमेरिकेत काही अस्तित्वातच नाही. ऑनलाइन ‘रजिस्ट्रेशन’, ‘सर्टिफिकेट’, लाल जाकीट असा संच विकला जातो. त्याने कुत्र्याला कसलाही कायदेशीर हक्क मिळत नाही. जाकिटाचा उपयोग एवढाच की लोक मधेच हात लावायला येत नाहीत. हे पैसे वाचवा आणि एखाद्या चांगल्या ट्रेनरला द्या.

डॉक्टरांचं पत्र मात्र फाडून टाकू नका. भाड्याच्या घरासाठी वेगळा कायदा आहे, ‘फेअर हाउसिंग ॲक्ट’, आणि तिथे इमोशनल सपोर्ट ॲनिमलला अजूनही स्थान आहे. ते विमानात चालत नाही, एवढंच.

तुमचा प्राणी पाळीव या वर्गात बसत असेल तर

या वाटेनेही प्रवास होतो, आणि ज्याचा जीव छोट्या कुत्र्यात किंवा मांजरात गुंतला आहे त्याला सोबत नेता येतं. प्राणी पुढच्या सीटखाली मावणाऱ्या कॅरियरमध्ये बसायला हवा, आत उभा राहून वळता यायला हवा, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. एका विमानात किती पाळीव प्राणी घ्यायचे याला मर्यादा असते. म्हणून आधी एअरलाइनला फोन करून प्राण्याची जागा मिळते का बघा, मगच स्वतःचं तिकीट काढा. उलट क्रमाने केलं तर तिकीट हातात आणि प्राणी घरी, अशी वेळ येते. मोठा कुत्रा केबिनमध्ये जात नाही, आणि कार्गोत पाठवण्याआधी पशुवैद्याशी नीट बोला, विशेषतः पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी. अनेक एअरलाइन्स त्यांना कार्गोत घेतच नाहीत.

विमानातल्या भीतीवर कुत्रा हाच एकमेव आधार असेल, तर तुमच्या थेरपिस्टशी दोन गोष्टी बोला: कुत्र्याला खरोखर उपयोगी पडेल असं काम शिकवता येईल का, आणि ते होईपर्यंत दुसरी काय व्यवस्था करता येईल. घाईने फॉर्मवर ‘सर्व्हिस डॉग’ लिहून मोकळं होऊ नका. त्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरी पायरी: विमानासाठीची सवय

काम येणं आणि विमानात वागता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात उत्तम काम करणारा कुत्रा बंद, थरथरणाऱ्या जागेत तासन्‌तास गप्प पडून राहीलच असं नाही. माझ्या मते तयारीतला सर्वांत जास्त वेळ इथे जायला हवा.

शिकवायची मुख्य आज्ञा म्हणजे पायाशी शिरून, अंग गोळा करून झोपणं. घरात दोन खुर्च्या एकापुढे एक ठेवा, मधे विमानाइतकीच चिंचोळी जागा सोडा. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा आणि कुत्र्याला मागे सरकत पुढच्या खुर्चीखाली शिरायला शिकवा. आधी बूड आत, मग अंग, शेवटी डोकं तुमच्या पावलांजवळ. मग शेपटी बघा. ती रस्त्यात आली तर विमानात खाण्यापिण्याच्या गाडीचं चाक तिच्यावरून जाईल. हाताने हळूच आत वळवून घ्यायची आणि कुत्र्याला त्याची सवय करायची. एखादी चाकांची बॅग शेजारून ढकलत न्या, ट्रे आपटा, कागदी पिशवी चुरगळा. कुत्र्याने कान हलवावेत, उठू नये. पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू दोन-तीन तासांवर जा. मग बस, रेल्वे, गजबजलेलं हॉटेल.

आणखी दोन जागी कुत्रे हमखास अडतात. एक सरकता जिना. तिथे कुत्र्याची नखं आणि बोटं अडकून फाटतात, म्हणून लिफ्टच घ्या, कितीही उशीर होत असला तरी. दुसरी जागा विमानाच्या दारातली. बोर्डिंगचा पूल आणि विमान यांच्यामध्ये हाताच्या रुंदीची फट असते. तिच्यातून थंड वारा आणि खालचा उजेड वर येतो आणि पायाखालची जमीन बदलते. पट्टा ओढू नका. एक क्षण थांबा, त्याला वास घेऊ द्या, आणि तुम्ही आधी पाऊल टाका. नाल्यावरच्या जाळ्यांवरून चालायचा सराव असेल तर ही फट तो सहज ओलांडतो.

शांत राहावा म्हणून गुंगीचं औषध देण्याचा मोह होईल. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेचा सल्ला साधारणपणे त्याविरुद्ध आहे, कारण उंचीवर हृदय आणि श्वासाचा त्रास वाढू शकतो. शिवाय गुंगीतला सर्व्हिस डॉग काम काय करणार?

तिसरी पायरी: तिकीट आणि जागा

सर्व्हिस डॉगला तिकीट लागत नाही, पिंजरा लागत नाही. एका प्रवाशाला असे दोन कुत्रे नेता येतात. कुत्रा तुमच्या पायांच्या जागेत मावला पाहिजे. शेजाऱ्याच्या जागेत किंवा वाटेत पसरता कामा नये. अगदी छोटा असेल तर मांडीवर चालतो, सीटवर नाही.

पहिल्या रांगेत भिंतीसमोर बसायचं की इतरत्र, ही निवड नियमाने तुमची आहे. लोक पहिली रांगच मागतात, पण मी दोन्हींचा विचार करायला सांगेन. भिंतीसमोर सीटखालची पोकळी नसते, त्यामुळे लांबट लॅब्रॅडॉरला सरकायला जागा उरत नाही. साध्या रांगेत तो निम्मा पुढच्या सीटखाली शिरतो. खिडकीची जागा घेतली तर गाडी आणि लोकांचे पाय दूर राहतात. आपत्कालीन दाराच्या रांगेत मात्र कुत्र्यासह बसता येत नाही.

कुत्रा मावतच नसेल, तर एअरलाइनला तुमच्यापुढे पर्याय ठेवावे लागतात: त्याच वर्गात जास्त जागा असलेली दुसरी सीट, नंतरचं विमान, किंवा कार्गोतून विनामूल्य नेणं. कर्मचाऱ्याने फक्त तिसरा सांगितला, तर पहिल्या दोहोंबद्दल तुम्ही विचारा.

चौथी पायरी: फॉर्म

डीओटीचे दोन फॉर्म आहेत. पहिला सगळ्यांसाठी: कुत्र्याचं नाव, वर्णन, वजन, पशुवैद्याचं नाव आणि फोन, रेबीजची लस कधी दिली आणि कधीपर्यंत चालते, प्रशिक्षण कोणी दिलं, आणि सार्वजनिक जागी नीट वागायला तो शिकलेला आहे याची ग्वाही. सही तुमची. पशुवैद्याची लागत नाही, पण लसीचं कार्ड समोर ठेवूनच तारखा भरा. प्रशिक्षक तुम्ही स्वतः असाल तर तिथे स्वतःचंच नाव लिहा. कुत्र्याने काही नुकसान केलं तर भरपाई मागितली जाऊ शकते, हेही त्यात तुम्ही मान्य करता.

दुसरा फॉर्म ८ तास किंवा त्याहून लांबच्या उड्डाणाला. त्यात लिहायचं की कुत्रा तेवढा वेळ शू-शी रोखून धरेल, किंवा घाण न होता उरकू शकेल, आणि ते कसं, उदाहरणार्थ डायपर.

उड्डाणाच्या ४८ तास आधी फॉर्म मागण्याचा एअरलाइनला हक्क आहे. तिकीटच त्यानंतर काढलं असेल, तर प्रवासाच्या दिवशी विमानतळावर दिला तरी चालतो. एका प्रवासासाठी, जाऊन-येऊन धरून, तो एकदाच मागता येतो. अनेक एअरलाइन्स तो वेबसाइटवर घेतात आणि एक क्रमांक देतात. पण मोबाइलवर सगळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कागदी प्रती आणि लसीचा दाखला हाताशी ठेवा. गेटवर बॅटरी संपलेला फोन तुमची बाजू मांडणार नाही.

दोन कंपन्यांच्या विमानांनी जायचं असेल तर दोघींकडे स्वतंत्र फॉर्म पाठवा. परदेशी एअरलाइनच्या बाबतीत डीओटीचा नियम फक्त अमेरिकेत येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या उड्डाणांना लागू होतो. युरोपात पुढचं विमान पकडणार असाल तर त्या टप्प्याचे नियम निराळे. तिथे अपंग प्रवाशांच्या हक्कांचा २००६ चा नियम आहे, आणि तो मान्यताप्राप्त असिस्टन्स डॉगबद्दल बोलतो. घरी शिकवलेल्या कुत्र्याला तिथे अडचण येऊ शकते. हे तिकीट काढण्याआधीच लेखी विचारून घ्या.

पाचवी पायरी: देशाची हद्द ओलांडणार असाल तर

एअरलाइनने हो म्हटलं म्हणजे देशाने हो म्हटलं असं नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणारा प्रत्येक कुत्रा किमान ६ महिन्यांचा, मायक्रोचिप बसवलेला आणि दिसायला निरोगी असावा लागतो, आणि सीडीसी या आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. सर्व्हिस डॉगही याला अपवाद नाही.

रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांची सीडीसीची यादी आहे आणि भारत त्यात आहे. गेल्या ६ महिन्यांत कुत्रा अशा देशात राहिलेला असेल आणि लस अमेरिकेबाहेर दिलेली असेल, तर सरकारी पशुवैद्याने प्रमाणित केलेला लसीचा फॉर्म, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून रक्ताची टायटर चाचणी (रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती मोजणारी), आणि सीडीसीकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात आधी केलेलं आरक्षण लागतं. ज्या विमानतळांवर अशी केंद्रं आहेत तिथेच उतरता येतं. टायटरसाठी रक्त पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि अमेरिकेत पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी घेतलेलं असावं लागतं. चाचणी नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. लस अमेरिकेतच दिलेली असेल तर हे बरंचसं सोपं होतं, पण त्याचे प्रमाणित कागद देश सोडण्याआधीच करून घ्यायचे.

युरोपीय संघात जाताना मायक्रोचिप, मग रेबीजची लस, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवसांची वाट. चिप लसीच्या आधी बसलेली असली पाहिजे, हा क्रम चुकला तर लस पुन्हा. ब्रिटनला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्याकडून जंताचं औषध दिल्याची नोंद लागते. आणि हवाई हे अमेरिकेतलंच राज्य, पण ते रेबीजमुक्त असल्याने त्याचे नियम स्वतंत्र आणि कडक आहेत. तिथल्या कृषी खात्याशी काही महिने आधी बोला.

प्रवासाच्या दिवशी

सकाळी नेहमीपेक्षा कमी खाणं, आणि तेही निघण्याच्या बरंच आधी. पाणी थोडंथोडं. लांब फिरवून आणा, म्हणजे अंगातली रग जिरते. हातातल्या बॅगेत टॉवेल, शोषक पॅड, पिशव्या, थोडं खाणं आणि घडीची वाटी.

सुरक्षा तपासणीत कुत्र्याला तुमच्यापासून वेगळं करता येत नाही आणि हार्नेस उतरवावा लागत नाही. सोपी पद्धत अशी: कुत्र्याला बसवून ठेवा, लांब पट्टा हातात धरून तुम्ही आधी मेटल डिटेक्टरमधून जा, मग त्याला बोलवा. हार्नेसच्या कड्यांनी घंटी वाजली तर त्याला हाताने तपासतात. तपासणी होईपर्यंत त्याला गोंजारू नका. पाळीव प्राण्याला कॅरियरमधून बाहेर काढून कडेवर किंवा पट्ट्यावर न्यायचं असतं, एक्स-रेच्या पट्ट्यावर फक्त रिकामा कॅरियर जातो. मांजर बुजरं असेल तर बंद खोलीत तपासणी मागा.

मोठ्या विमानतळांवर तपासणीच्या आतल्या भागातही शू-शीची जागा असते. गेटवर जाण्याआधी ती गाठा. बोर्डिंग सगळ्यांच्या आधी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मोकळ्या विमानात कुत्रा शांतपणे जागा घेतो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी काहीतरी चघळायला दिलं तर कानांना बरं पडतं. शेजाऱ्याला ॲलर्जी असेल, तर एअरलाइनने दोघांना लांब बसवायचं असतं. त्या कारणावरून तुम्हाला उतरवता येत नाही.

अडवलं तर

कर्मचारी दोन गोष्टी विचारू शकतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलं आहे? आजार कोणता, हे विचारता येत नाही. काम करून दाखवा, असंही म्हणता येत नाही. उत्तर घरी पाठ करून ठेवा, एका वाक्यात: “माझी साखर उतरली की तो पंजा मारून सांगतो.” एवढं पुरे. ‘तो मला शांत ठेवतो’ असं म्हणालात, तर खरा सर्व्हिस डॉगही इमोशनल सपोर्ट ॲनिमल समजला जातो.

केवळ जातीवरून नकार देता येत नाही. पण कुत्रा मोकळा धावत असेल, सारखा भुंकत किंवा गुरगुरत असेल, अंगावर उड्या मारत असेल, केबिनमध्ये घाण करत असेल, तर तो शिकलेला नाही असं धरून त्याला पाळीव ठरवता येतं. एखादं भुंकणं म्हणजे बेशिस्त नव्हे.

तरीही ‘नाही’ म्हणाले, तर आवाज न चढवता ‘कंप्लेंट रिझोल्यूशन ऑफिशियल’ला, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवायला सांगा. प्रत्येक एअरलाइनला असा माणूस समोर किंवा फोनवर हजर ठेवावाच लागतो, आणि कर्मचाऱ्याचा निर्णय फिरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. तोही नकार देत असेल, तर कारण लेखी मागा. ते जागेवर, नाहीतर १० दिवसांत द्यावं लागतं. वेळ, गेट, कोण काय बोललं, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा, आणि फॉर्मची प्रत जोडून तक्रार एअरलाइनकडे आणि डीओटीकडे, दोन्हीकडे करा.